फिल्म झाली, आता टाकायची कुठे? वाचकांचे प्रश्न आणि ताईची उत्तरं

मागच्या वेळी शॉर्टफिल्मच्या एडिटिंगवर लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की फिल्म ऑनलाइन सोडण्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं चारपाच जण लिहितील, पण मेलबॉक्स भरून वाहायला लागला आणि बहुतेक सगळी कॉलेजची पोरं. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत, फक्त गावं.

ताई, आम्ही सहा जणांनी मिळून 18 मिनिटांची फिल्म केलीये, मास कॉमच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. निम्म्या ग्रुपला आत्ताच्या आत्ता यूट्यूबवर टाकायचीये कारण सगळे विचारतायत कधी बघायला मिळणार. मॅडम म्हणतात आधी फेस्टिव्हलला पाठवा. वर्षभर कोण थांबणार? (कोल्हापूर)

मॅडम बरोबर बोलतायत, फक्त त्यांनी कारण सांगितलेलं दिसत नाही. कारण असं की फिल्म पब्लिक करणं ही एकदाच करता येणारी गोष्ट आहे. बऱ्याच मोठ्या फेस्टिव्हलना फिल्मचा पहिला खेळ आपल्याकडे व्हावा असं वाटतं, काहींना जगात पहिला, काहींना देशात पहिला, आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवासारख्या ठिकाणी तर इंटरनेटवर आधीच दिसलेली फिल्म घेतच नाहीत. तुम्ही म्हणाल ताई आम्ही कुठे कानला चाललोय. अरे, पण पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म शिकवणाऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या फिल्मना तिथल्या ला सिनेफ या विद्यार्थी विभागात 2020 मध्ये आणि 2024 मध्ये पहिलं बक्षीस मिळालंय, म्हणजे दार बंद नाहीये, आपणच रात्री अकरा वाजता उत्साहाच्या भरात पब्लिकचं बटण दाबून ते बंद करून घेतो. आणि नंतर डिलीट केली तरी एंट्री फॉर्मवर 'आधी कुठे दाखवली आहे का' हा रकाना असतोच, तिथे खोटं लिहू नका, गुगलवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं.

पण याचा अर्थ प्रत्येक फिल्म वर्षभर कपाटात ठेवावी असंही नाही. आधी सहा जण बसा आणि खरं खरं ठरवा की ही फिल्म कोणासाठी केली. कॉलेजच्या आठवणींची मजामजा असेल, तुमच्या गावातल्या लोकांनी बघून हसावं एवढीच इच्छा असेल, तर टाका आजच, काही बिघडत नाही. पण फिल्ममध्ये दम आहे असं बाहेरच्या दोन जाणकारांनी (आई आणि मैत्रीण धरायची नाही) सांगितलं असेल तर एक तारीख ठरवा, समजा आजपासून दहा महिने, आणि तोपर्यंत फक्त पासवर्डवाली लिंक. विमिओवर पासवर्ड लावता येतो, यूट्यूबवर अनलिस्टेड करता येतं, पण अनलिस्टेड म्हणजे गुप्त नव्हे, ज्याच्याकडे लिंक त्याला दिसते, आणि तुमच्या ग्रुपमधला एक तरी लिंक मामेभावाला पाठवणारच.

फेस्टिव्हल कुठले? आपल्या दाराशीच बरेच आहेत. मुंबईचा मिफ हा डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि अॅनिमेशनचाच महोत्सव आहे, 1990 पासून, दोन वर्षांतून एकदा, आणि तिथे विद्यार्थ्यांच्या फिल्मला वेगळं बक्षीस आहे. पुण्याचा पिफ एरवी जानेवारीच्या सुमारास असतो. शॉर्ट आणि डॉक्युमेंटरीसाठी केरळचा आयडीएसएफएफके आहे. बाहेरच्या बहुतेक ठिकाणी फिल्मफ्रीवे या साइटवरून एंट्री जाते, तिथे फी असते आणि मुदत जवळ आली की वाढत जाते, म्हणून लवकर पाठवा आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का ते बघा. एक मात्र सांभाळा: दर महिन्याला 'अवॉर्ड' देणारे, शंभर कॅटेगरी असणारे, प्रत्यक्ष थिएटरात एकही खेळ न करणारे आणि जिंकल्यावर ट्रॉफीचे वेगळे पैसे मागणारे फेस्टिव्हल भरपूर झालेत. फेस्टिव्हलमध्ये निवड झाल्याची खूण म्हणून पोस्टरवर ती गव्हाच्या लोंबीसारखी दोन पानं लावायची हौस असते हे मी समजू शकते, पण बारा लोंब्या लावलेलं पोस्टर बघून निवड समितीतला माणूस इंप्रेस होत नाही, उलट मनात हसतो.

ताई नमस्कार. माझ्या फिल्मच्या शेवटी आजी गेल्यावर तुकारामांचा अभंग वाजतो, एका मोठ्या गायकाच्या आवाजातला, कॅसेटवरून घेतलाय. तुकारामांचं तर सगळं कॉपीराइट फ्रीच असणार ना? शिवाय मी पैसे कमवत नाहीये, आणि डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट देणार आहे. (लातूर)

हा प्रश्न मला या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, तू एकटी नाहीयेस.

एका गाण्यात तीन मालक बसलेले असतात असं समज. एक शब्द, दुसरी चाल, तिसरं ते रेकॉर्डिंग. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण चाल लावणारा संगीतकार विसाव्या शतकातला असेल तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्या चालीवर हक्क राहतो, आणि रेकॉर्डिंगवर ते प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं कंपनीचा हक्क असतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा हा हिशोब आहे. म्हणजे तुझ्या कॅसेटमधले तुकाराम फुकट आहेत, बाकी दोघं नाहीत. आणि 'पैसे कमवत नाही' किंवा 'क्रेडिट दिलंय' ही परवानगी होत नाही गं. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि हँडलला त्याच्या नावाची चिठ्ठी लावली, तसं आहे ते.

यूट्यूबवर काय होतं तर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, कंपन्यांनी आपली गाणी तिथे दिलेली असतात, तू फाइल चढवलीस की मशीन आवाज जुळवून बघतं. जुळला की कंपनीने आधीच जे ठरवलंय ते होतं, कधी व्हिडिओ दिसतच नाही, कधी दिसतो पण जाहिरातीचे पैसे त्यांना, कधी ते नुसती नजर ठेवतात. हा झाला क्लेम. स्ट्राइक वेगळा, त्यात कंपनी कायदेशीर रीतीने व्हिडिओ काढायला लावते, आणि असे तीन स्ट्राइक 90 दिवसांत बसले तर चॅनेलच जातं.

आता माझी फजिती सांगते. मी शिकत असताना फिल्म केली होती, त्यात चहाच्या टपरीवरचा एक सीन होता, बाप आणि मुलगी समोरासमोर, बाप ग्लासातला चहा बशीत ओततो आणि पहिल्यांदा म्हणतो की घर विकलंय. खऱ्या टपरीवर शूट केलं, टपरीवाल्याचा रेडिओ चालू होता, आम्हाला तो फारच आवडला, वाटलं काय वातावरण आलंय! रेडिओवर एक लोकप्रिय गाणं लागलेलं, आणि ते संवादाच्याच माइकमध्ये रेकॉर्ड झालं. दोन वर्षांनी ऑनलाइन टाकायची वेळ आली तेव्हा क्लेम आला आणि व्हिडिओ ब्लॉक. गाणं काढायचं तर बापाचा आवाजही जातो, डबिंग करावं तर बापाचं काम करणारे काका तोवर वारलेले. शेवटी सीनच कापला. फिल्मचा कणा होता तो. आजही ती फिल्म कोणी बघितली की विचारतं, घर विकलंय हे मुलीला कळलं कधी?

तेव्हापासून सेटवर माझं पहिलं काम म्हणजे रेडिओ, टीव्ही, मंदिराचा भोंगा, कोणाची रिंगटोन, जे काही गात असेल ते बंद करणं. वातावरण नंतर वेगळ्या ट्रॅकवर घालता येतं.

तुझ्यासाठी उपाय सोपा आहे. अभंग तोच ठेव, तुझ्या गावात भजनी मंडळ असेलच, त्यातल्या एखाद्या काकूंना किंवा बुवांना पारंपरिक चालीत, साध्या टाळांवर, घरात बसून म्हणायला सांग आणि फोनवर नाही तर नीट माइकवर रेकॉर्ड कर. त्यांच्याकडून एका कागदावर सही घे. सिनेमातली किंवा रेकॉर्डमधली चाल गाऊ देऊ नकोस, ती सवयीने तोंडात येतेच, लक्ष ठेव. माझा अंदाज आहे की आजी गेल्याच्या सीनला स्टुडिओतल्या चकचकीत आवाजापेक्षा हे जास्त लागेल.

जाता जाता, जुन्या नाटकाची आवड असणाऱ्यांसाठी: अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, त्यांची पदं कधीच मोकळी झालीत, कोणीही गाऊन घ्या. बाजारातलं आजचं रेकॉर्डिंग मात्र उचलू नका. आणि ज्यांना नुसतं बॅकग्राउंड म्युझिक हवंय त्यांनी यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी चाळा, त्यात काही ट्रॅकना क्रेडिट द्यावं लागतं आणि काहींना नाही, ते डाउनलोड करतानाच लिहून ठेवा.

मॅडम, एका माणसाचा फोन आला, तो म्हणतो 25 हजार द्या, तुमची शॉर्टफिल्म मोठ्या ओटीटीवर लावून देतो. मुलं खूश आहेत, वर्गणी काढतायत. मी त्यांचा शिक्षक आहे, काय सांगू? (परभणी)

सर, वर्गणी थांबवा. नेटफ्लिक्स ओळखीपाळखीशिवाय आलेली फिल्म बघतच नाही, त्यांच्याशी आधीपासून संबंध असलेल्या एजंट, निर्माता, वितरक अशांमार्फतच जावं लागतं. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर पूर्वी स्वतःची फिल्म स्वतः चढवता यायची, पण शॉर्टफिल्म आणि डॉक्युमेंटरी घेणं त्यांनी 2021 मध्ये बंद केलं. त्यामुळे फोनवरचा माणूस नक्की कुठल्या दरवाज्यातून आत नेणार आहे ते त्याला लेखी विचारा. आधी लावलेल्या तीन फिल्मच्या लिंक मागा आणि त्या फिल्मवाल्यांना स्वतः फोन करा. बहुतेक वेळा इथेच संभाषण संपतं.

साधा नियम असा की वितरक फिल्ममधून पैसे कमावतो, फिल्मवाल्याकडून नाही. खरे रस्तेही आहेत. पॉकेट फिल्म्ससारखी यूट्यूब चॅनेल्स आहेत जी भारतीय शॉर्टफिल्मच दाखवतात, त्यांना फिल्म पाठवता येते, त्यांचा प्रेक्षक तयार असतो, तुमच्या नव्या कोऱ्या चॅनेलच्या अकरा सबस्क्रायबरपेक्षा ते केव्हाही बरं. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या फिल्म महोत्सवात वेव्ह्ज नावाचं ओटीटी सुरू केलं, तिकडेही विचारून बघा.

करार आला तर मुलांना दोन ओळी शोधायला सांगा, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 मध्ये असं आहे की हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण करारात 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' असं छापलेलं असेल तर मग तेच लागू, आणि हो, विश्वात असं खरंच छापतात. 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द दिसला की थांबा, म्हणजे नंतर तुमच्याच चॅनेलवर तुमचीच फिल्म टाकता येणार नाही.

पैशाचं म्हणाल तर मुलांना गणित घालून द्या. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा). फिल्म 15 मिनिटांची असेल तर एका माणसाने पूर्ण बघितली तर पाव तास, म्हणजे 16 हजार लोकांनी शेवटच्या पाटीपर्यंत बघायला हवी. शेवटपर्यंत कोण बघतं? स्टुडंट फिल्मची कमाई म्हणजे ती बघून कोणीतरी पुढचं काम देतं, ती.

फिल्म थिएटरमध्ये भारी वाटली पण यूट्यूबवर टाकल्यावर मोबाइलवर संवादच ऐकू येत नाहीत आणि रात्रीच्या सीनमध्ये काळे चौकोन दिसतात. कॅमेरा तर चांगला होता. (नाशिक)

कॅमेऱ्याचा काही दोष नाही. तुमचं मिक्सिंग थिएटरसाठी झालंय, हळू संवाद हळू आणि मोठा आवाज मोठा, बंद अंधाऱ्या हॉलमध्ये ते छान लागतं. फोन बघणारा माणूस एसटीत बसलाय, शेजारी कोणी शेंगा सोलतंय. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास खाली आणतं, पण हळू असलेला आवाज वर चढवत नाही, म्हणून वेबसाठी स्टीरिओचं वेगळं मिक्स करा, संवाद वर, पार्श्वसंगीत खाली. साउंडवाल्याला हे सुरुवातीलाच सांगितलं तर तो एका दिवसात करतो, सहा महिन्यांनी सांगितलं तर फोन उचलत नाही. आणि मिक्सला होकार देण्याआधी खरोखर साध्या फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका.

चौकोनांचं कारण दाबून लहान केलेली फाइल. 1080पीसाठी यूट्यूबच 8 एमबीपीएसच्या (दर सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) आसपास सांगतं, पण तिथे गेल्यावर ते पुन्हा एकदा दाबतात, त्यामुळे आपण जितकी जड आणि स्वच्छ फाइल देऊ तितकं बरं, व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल तर चुकूनही चढवू नका, हसू नका, पाहिलंय मी. अंधारात थोडं ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, ठेवलं तर पट्टे कमी दिसतात. नवीन अकाउंट असेल तर फोन नंबर व्हेरिफाय केल्याशिवाय 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, हे रिलीजच्या संध्याकाळी कळू नये. आणि एकदा चढवलेली फाइल यूट्यूबवर बदलता येत नाही, नवी टाकली की लिंक नवी, व्ह्यूज शून्य. म्हणून आधी प्राइव्हेट ठेवून दोन दिवस सगळ्या पाट्या, स्पेलिंग, सबटायटल तपासा.

सबटायटल फिल्मवर चिकटवून टाकू नका, वेगळी एसआरटी फाइल जोडा, म्हणजे मराठी माणसाला बंद करता येतात आणि उद्या हिंदीही घालता येतात. इंग्रजी सबटायटल मशीनकडून घेतलीत तर एकदा माणसाकडून वाचून घ्या. 'डोक्यावर पडलायस का' चं शब्दशः भाषांतर मी पडद्यावर वाचलंय, गंभीर सीनला हॉल हसत होता.

सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का? (सांगली)

ऑनलाइनसाठी नाही. तिकीट लावून थिएटरात सार्वजनिक खेळ करायचा तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली लागतं. ओटीटीवाले 2021 च्या नियमांप्रमाणे वयोगटाची पाटी स्वतः लावतात.

फिल्म कॉलेजच्या कॅमेऱ्यावर केली, आता कॉलेज म्हणतं फिल्म आमची. त्यात माझा नऊ वर्षांचा भाचा आणि शेजारच्यांचा बैल आहे. आता नट म्हणून काम केलेला एक मित्र भांडून बसलाय आणि म्हणतो माझे सीन काढा. (अहिल्यानगर)

बापरे, सगळंच एकदम. प्रवेशाच्या वेळी किंवा प्रोजेक्टच्या वेळी तू कशावर सही केलीस तो कागद आधी शोध. कायद्याने फिल्मचा पहिला मालक निर्माता, म्हणजे ती घडवून आणण्याची जबाबदारी ज्याने घेतली तो, आणि बऱ्याच संस्था हे नियमातच आपल्याकडे लिहून घेतात. तसं असेल तर भांडू नकोस, फेस्टिव्हलला पाठवायची आणि अमुक तारखेनंतर ऑनलाइन टाकायची लेखी परवानगी माग, बहुतेक प्राचार्य देतात, त्यांनाही कॉलेजचं नाव पडद्यावर हवंच असतं.

मित्राकडून शूटच्या आधी सही घेतली नाहीस हे उघड आहे. आता काय, जा, चहा पाज, ऐकून घे. तो जे सांगतोय ते बहुधा सीनबद्दल नसतंच, श्रेयनामावलीत नाव तिसरं आलं असेल. समेट झाला की त्याच बैठकीत एक पानी कागदावर सही घे: माझं काम, आवाज आणि चेहरा या फिल्ममध्ये, फेस्टिव्हल आणि ऑनलाइन दोन्हीकडे वापरायला परवानगी आहे. पुढच्या वेळी हा कागद कॉलशीटबरोबरच (कोणी कधी शूटला यायचं तो कागद) दे, पहिल्या दिवशी, वडापाव वाटताना. तेव्हा सगळे आनंदाने सही करतात.

भाच्यासाठी त्याच्या आईवडिलांची लेखी संमती हवीच, मामा असून चालत नाही. व्यावसायिक शूटमध्ये मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, सलग 3 तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. ते वेळेचं गणित कॉलेजच्या फिल्मलाही पाळावं असं माझं मत आहे, पोर कंटाळलं की शॉटही वाया जातो. बैलाचं म्हणशील तर तो गोठ्यात उभा असेल आणि मागे दिसत असेल तर मला फार चिंता वाटत नाही, पण त्याच्याकडून काम करून घेतलं असेल तर प्राण्यांच्या शूटसाठी अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी आधी घ्यायची असते, आणि पुढे कधी सर्टिफिकेटसाठी गेलास तर तिथे ती मागतातच.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमात भाचीची फिल्म दाखवायची आहे. ती म्हणते लिंक पाठवते. एवढं पुरेल ना? (न्यू जर्सी)

काका, लिंकवर हॉलमध्ये फिल्म लावू नका. शाळेच्या हॉलचं वायफाय, त्यावर दोनशे लोक दिवाळीचे फोटो टाकतायत, आणि ऐन सीनला गोल गोल चक्र फिरत बसतं. भाचीकडून फाइल मागवा, डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या, आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर लावून बघा. इंग्रजी सबटायटल असलेली प्रत मागा, तिकडच्या मुलांना मराठी समजतं पण पटकन नाही. फिल्म फेस्टिव्हलच्या रांगेत असेल तर आधी तिला विचारा की असा खेळ चालेल का, आणि कार्यक्रमाचं फेसबुक लाइव्ह करणाऱ्या हौशी माणसाला फिल्मपुरता कॅमेरा बंद ठेवायला सांगा, नाहीतर तिचं दहा महिन्यांचं थांबणं तिथेच संपेल.

आणि फिल्म बटाटेवड्यांच्या आधी ठेवा. वड्यांचा वास हॉलमध्ये आला की पडद्याकडे कोणी बघत नाही.